आकडा नको, करार दाखवा

थोडं मोठं लिहितोय, पण गुंतवणुकीवरून जी भांडणं चालतात ती बघून लिहावंसं वाटलं. वेळ काढून वाचा.

दरवर्षी जानेवारीत दावोस येतं. आपले मुख्यमंत्री, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, तिथे जातात, फोटो येतात आणि पाठोपाठ आकडा येतो. २०२५ साली महाराष्ट्राने तिथे १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे सामंजस्य करार केले. सत्ताधारी म्हणाले विक्रम, विरोधक म्हणाले यातलं येणार किती? त्यात रिलायन्स आणि जिंदालसारख्या आपल्याच कंपन्या होत्या, ज्यांना मंत्रालयात चहाला बोलावूनही सह्या घेता आल्या असत्या, ते सोडून द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. या सगळ्या गदारोळात अटी काय आहेत, हे कुणीच विचारत नाही.

परकीय कंपनी आली म्हणजे देश विकला, असं मी मानत नाही. आली म्हणजे सोनं झालं, असंही मानत नाही. नुकसान झालं तर कुणाचं आणि फायदा झाला तर कुणाचा, हे करारात लिहिलेलं असतं. बाकी सगळी भाषणं.

आपल्याला हे बाहेर जाऊन शिकायची गरज नाही. गुहागर तालुक्यात जा. ज्यांना एन्रॉन फक्त नावानं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जून १९९२ मध्ये या अमेरिकन कंपनीचे लोक इथे आले आणि काही दिवसांतच वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. स्पर्धात्मक निविदा नाही. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असं सांगून पैसे द्यायला नकार दिला. त्याच वर्षी डिसेंबरात आपण वीजखरेदी करारावर सही केली.

आता त्या करारातली मेख बघा. वीज घ्या किंवा घेऊ नका, प्रकल्प वीज द्यायला तयार आहे एवढं दिसलं की स्थिर आकार मंडळाने भरायचाच. हिशेबापुरता एक काल्पनिक आकडा घेऊ. समजा महिन्याचा स्थिर आकार १०० कोटी आहे. ५० कोटी युनिटं घेतली तर युनिटमागे २ रुपये पडतात. २५ कोटीच घेतली तर ४ रुपये. म्हणजे वीज महाग म्हणून कमी घ्यावी, तर ती आणखी महाग होणार! वर इंधनाचा खर्च वेगळा. पहिला टप्पा नाफ्त्यावर चालत होता, त्याचा भाव वाढला की तो बोजा आपल्यावर. दर डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ च्या आसपास गेला. तोही बोजा आपल्यावर.

मागणीचा धोका, इंधनाचा धोका, रुपया पडण्याचा धोका, असे तिन्ही धोके मंडळाच्या गळ्यात. मंडळाने पैसे थकवले तर राज्याची हमी, राज्याने थकवले तर केंद्राची प्रतिहमी. धंद्यात नफा मिळतो तो धोका पत्करल्याबद्दल, असं आपण ऐकत आलोय. इथे धोका आपला आणि नफा त्यांचा होता.

१९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला. आणि मग वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प २,०१५ ऐवजी २,१८४ मेगावॅटचा झाला, दुसरा टप्पाही पक्का झाला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. काही महिन्यांत युनिटचा दर ७ रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. गोडबोले समितीने २००१ च्या अहवालात राज्य आणि केंद्र, दोघांच्याही कारभाराचं अपयश मांडलं. त्यात कुठला एक पक्ष सुटला नाही, म्हणून आज कुठलाच पक्ष तो अहवाल काढत नाही.

शेवटी काय झालं? २००५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या भागीदारांचे हिस्से पैसे मोजून सोडवावे लागले, आणि एनटीपीसी व गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर उभी करावी लागली. आपल्याच बँकांचं कर्ज त्यात अडकलं होतं. आणि ज्या वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी १९९७ मध्ये विरोध केला म्हणून पोलिसांचा मार खाल्ला, त्यांचं नाव कुठल्याच ताळेबंदात नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, अटी घालत बसलात तर कंपन्या येणारच नाहीत. हे खरं नाही. सुझुकी आली ना! १९८२ मध्ये मारुतीबरोबर करार झाला तेव्हा सुझुकीचा वाटा होता २६ टक्के. बहुमत भारत सरकारचं. गाडीचे सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवायचे, ही अट होती. म्हणून गुडगावच्या आसपास पुरवठादारांचे कारखाने उभे राहिले, आणि आज भारत सुटे भाग जगभर निर्यात करतो त्याची एक मुळी तिथे आहे. सुझुकीने पैसा भरपूर कमावला, कमवू दे. पुढे सरकारने आपला वाटा विकला आणि त्याचेही पैसे मिळाले. तिथे सगळं गोड होतं असं नाही. २०१२ मध्ये मानेसरच्या कारखान्यात जे घडलं, त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि कामगारांची खदखद जगाला दिसली. पण शिकलेलं काम आणि उभे राहिलेले पुरवठादार देशात राहिले. हा फरक कराराने केला. जपानी चांगले आणि अमेरिकन वाईट, असलं काही नाही.

बरं, हा सगळा जुना इतिहास म्हणाल तर आजचं बघू. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉन गुजरातला गेला म्हणून आपण किती भांडलो! १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा होता. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. ना तळेगावला ना गुजरातला. आपण भांडलो ते एका आकड्यासाठी.

आणि जो खरंच आला तो मायक्रॉनचा साणंदचा प्रकल्प. एकूण २७५ कोटी डॉलर. त्यातले कंपनीचे जास्तीत जास्त साडेब्याऐंशी कोटी. बाकी ५० टक्के केंद्र देणार, २० टक्के गुजरात सरकार. म्हणजे १०० रुपयांतले ७० तुमचे-माझे, आणि नाव परकीय गुंतवणूक. चिप उद्योग हवा असेल तर असा खर्च करावाही लागेल, माझा त्याला सरसकट विरोध नाही. पण ७० रुपये घालणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळणार, हे विचारायचा हक्क आहे की नाही?

जाताना काय, हाही प्रश्न असतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं. चिनी ग्रेट वॉलला विकण्याचा सौदा फिसकटला, शेवटी २०२३ मध्ये ह्युंदाईबरोबर करार झाला. जमीन आणि यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं. हजाराहून जास्त कामगार मात्र त्या काळात भरपाईसाठी भांडत राहिले. कंपनी येताना रोजगाराचा आकडा सांगते आणि त्यावर सवलती मिळवते. मग जाताना त्या रोजगाराचं काय, हे येतानाच का लिहून घेत नाही आपण?

म्हणून पुढच्या वेळी आकडा आला की आपल्या आमदाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, एवढंच विचारा:

१. यात कंपनीचे स्वतःचे पैसे किती आणि सरकारी सवलत, जमीन, वीज मिळून आपले किती?

२. मागणी घटली, डॉलर वाढला, कच्चा माल महागला तर भुर्दंड कुणाला?

३. इथल्या लहान कारखान्यांकडून किती माल घेणार आणि किती वर्षांत?

४. सांगितलेला रोजगार झाला नाही, किंवा कंपनी निघून गेली, तर सवलती परत घेणार का?

उत्तर येईल, "व्यावसायिक गोपनीयता." माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्ये तशी पळवाट आहेच. पण व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, हेही त्याच कलमात लिहिलंय. जिथे आपली जमीन आणि आपला कर लागलाय, तिथे याहून मोठं जनहित कुठलं?

राज्यं एकमेकांवर कुरघोडी करत सवलती वाढवत नेतात आणि कंपन्या शांतपणे बोली बघत बसतात. त्यात आपण 'आमचा प्रकल्प पळवला' म्हणून छाती बडवतो, तेव्हा त्यांची बोली आणखी वाढवून देतो.

प्रकल्प यावेत, जरूर यावेत. आपल्या पोरांना काम हवंच आहे. फक्त सही करण्याआधी कागद आम्हाला दाखवा. एन्रॉनचा करार लोकांसमोर आला तेव्हा सह्यांची शाई वाळून गेली होती आणि बिल आपल्या नावावर निघालं होतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये बोला, पण कुठल्या अटीबद्दल बोलताय ते लिहा. पक्षाबद्दल नको.