वाचनालयातील शांतता कोणाची?

‘शांतता राखा’ ही पाटी नसलेले सार्वजनिक वाचनालय महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण. आणि ती पाटी वाचून ज्याने आपले बोलणे अर्ध्यावर सोडले असा वाचक सापडणे त्याहून कठीण. पाटी भिंतीवर असते. तिच्याखाली वृत्तपत्रांचे टेबल असते, टेबलाभोवती चार निवृत्त गृहस्थ मंत्रिमंडळाच्या कालच्या निर्णयाची चिकित्सा करीत असतात, आणि पलीकडच्या कोपऱ्यात कानात कापसाचे बोळे घालून एक मुलगी राज्यसेवा परीक्षेचा अभ्यास करीत असते. मधूनच कोणाचा तरी मोबाइल भक्तिगीताच्या सुरात वाजतो. ग्रंथपाल मान वर करून पाहतात आणि पुन्हा देवघेवीच्या नोंदवहीत डोके घालतात. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यात काही बिघडले आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

या गोंगाटाची चर्चा आपल्याकडे नेहमी शिष्टाचाराच्या अंगाने होते. लोकांना शिस्त नाही, सार्वजनिक ठिकाणी कसे वागावे याचे वळण घरातून लागत नाही, असा सुस्कारा टाकला की विषय संपतो. हा सुस्कारा खोटा नाही, परंतु अपुरा आहे. वाचनालयातील शांततेचा प्रश्न जितका सभ्यतेचा आहे, त्याहून अधिक तो वाटपाचा आहे. शांतता हीही एक गरजेची वस्तू आहे. ज्याच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली आहे त्याला ती आयती मिळते. ज्याच्या घरी एकाच खोलीत स्वयंपाक, दूरदर्शनसंच, आजारी माणूस आणि लहान भावंडे आहेत, त्याला ती बाहेर शोधावी लागते. आणि अल्प वर्गणीत ती जेथे मिळावी असे ठिकाण गावात बहुधा एकच असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. घरातील माणसांच्या वर्दळीत अभ्यास होणे अशक्य म्हणून वडील त्याला लवकर निजवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवीत. शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे, आणि तेथेच शिक्षक व ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची दृष्टी त्याच्यावर गेली. पुढे लंडनच्या ग्रंथालयांतून दिवसच्या दिवस वाचीत बसणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते हेच. ही कथा सांगताना त्यांच्या जिद्दीचे वर्णन होते आणि ते योग्यच आहे. पण त्या मुलाला वाचण्यासाठी बाग गाठावी लागली आणि निजानीज झाल्यावरच घर शांत मिळाले, हा या कथेतील दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. असामान्य बुद्धीचा मुलगा बागेतही वाचतो. साधारण बुद्धीच्या मुलाला टेबल, दिवा आणि शांतता लागते. सार्वजनिक संस्था असतात त्या दुसऱ्यासाठी.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुकाट्याने, एकट्याने वाचणे ही आपल्या समाजाची जुनी सवय नव्हे. आपल्याकडे ग्रंथ ऐकला जात असे. श्रावणात देवळात पोथी लागे, एक वाची आणि बाकीचे ऐकत. ‘केसरी’चा अंक गावात आला की तो चावडीवर किंवा पारावर मोठ्याने वाचला जाई आणि अक्षरशत्रूंनाही देशाची खबर कळे. त्या वाचनात प्रश्न होते, हुंकार होते, वादही होते. वृत्तपत्राच्या टेबलाभोवतीचे आजचे संभाषण हे त्या पाराचेच उरलेले रूप आहे. त्याला केवळ असंस्कृतपणा म्हणून झिडकारणे म्हणजे आपलाच इतिहास विसरणे होय. मात्र पारावर कोणी परीक्षेचा अभ्यास करीत नसे. एकाच छपराखाली पार आणि अभ्यासाची खोली असा संसार थाटला गेला, हा नव्या काळाचा पेच आहे.

त्या पेचाचे अर्थशास्त्र सोपे आहे, म्हणूनच ते सहज नजरेआड होते. शांतता चाळीसजणांनी उपभोगली तरी कमी होत नाही. पण एकाने मोडली की चाळीसांचीही मोडते. मोठ्याने बोलणाऱ्याला बोलण्याचा आनंद पूर्णपणे मिळतो, त्याची किंमत मात्र चाळीसजणांत विभागली जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तोटा इतका लहान असतो की उठून वाईटपणा घेणे कोणालाच परवडत नाही. ‘जाऊ द्या, पाच मिनिटांचा प्रश्न आहे,’ असे प्रत्येकजण मनाशी म्हणतो. दिवसभरात अशी पाच मिनिटे किती वेळा येतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

शिवाय सर्व आवाज सारखे नसतात. जुन्या पंख्याची घरघर किंवा पावसाचा एकसुरी आवाज थोड्या वेळाने कानाआड होतो. माणसाचे अर्थपूर्ण बोलणे मात्र तसे होत नाही, कारण ऐकायचे नसले तरी मन त्याचा अर्थ लावीत राहते. म्हणून दोघांची कुजबुज बाहेरच्या वाहनांच्या आवाजापेक्षा अधिक छळते. मोबाइलवरचे बोलणे तर याहूनही वाईट. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनाचा निष्कर्ष असा की, दोघांचे पूर्ण संभाषण कानी पडण्यापेक्षा एकाचीच बाजू कानी पडली तर लक्ष अधिक विचलित होते. न ऐकू येणारी दुसरी बाजू मन आपोआप जुळवू लागते. ‘मी हळूच बोललो’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही. दारापर्यंत जाऊन बोलणे हे आठ पावलांचे काम आहे.

सार्वजनिक वाचनालयाने जी वस्तू गमावली ती आता बाजारात विकत मिळते. पुण्यातील सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतून फिरणाऱ्याला जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या दर्शनी भागावर ‘अभ्यासिका’ अशा पाट्या पावलोपावली दिसतात. लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली दोन-अडीच फुटांची जागा, एक दिवा, मोबाइलसाठी वीजजोडणी आणि शांतता, यासाठी महिन्याला हजाराच्या घरात किंवा त्याहून अधिक रुपये आकारले जातात. मराठवाड्यातील वा विदर्भातील शेतकऱ्याचा मुलगा खोलीचे भाडे, खानावळ आणि शिकवणी यांच्या जोडीला आता शांततेचेही भाडे भरतो. मालकांना दोष देण्याचे कारण नाही. गरज होती, त्यांनी ती भागविली. पण विकत मिळणाऱ्या शांततेचीही एक काळी बाजू आहे. दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. सामान ठेवण्यासाठी असलेले ते तळघर ग्रंथालय म्हणून वापरले जात होते. तरुण मुलेमुली वाचण्यासाठी तळघरात उतरतात, याचा अर्थ जमिनीवर त्यांच्यासाठी कोणी जागा ठेवली नव्हती.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही वाचकाच्या पदरी फारसे काही पडत नाही. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्राची तरतूद आहे. अशा क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे, निवासी भागात ती अनुक्रमे ५५ व ४५ आहे. सभोवती किमान शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता यावे अशी जी ठिकाणे नियमात नावानिशी दिली आहेत, ती रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये ही होत. सार्वजनिक ग्रंथालयाचे नाव त्या यादीत नाही. आपली जुनी ग्रंथालये तर भर वस्तीत आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. वाचक जेथे होता तेथेच अशा संस्था निघाल्या. गाव वाढले, रस्ता वाढला, मांडव आणि मिरवणुका वाढल्या. वाचनालयाची खिडकी तेथेच राहिली.

परंतु रस्त्याला दोष देण्यापूर्वी संस्थांनी आपल्या घरात डोकावलेले बरे. अनेक ठिकाणी सर्वांत मोठा आवाज वाचनालयाच्या स्वतःच्याच सभागृहातून येतो. बारसे, साखरपुडा, सत्कार, वस्त्रांचे प्रदर्शन-विक्री यांसाठी ते भाड्याने दिले जाते, आणि खाली ध्वनिक्षेपक सुरू असताना वर अभ्यासिकेत विद्यार्थी बसलेले असतात. कार्यकारिणीचे उत्तर ठरलेले असते, की भाडे घेतले नाही तर संस्था चालणार कशी? या उत्तरात तथ्य आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. मद्रास राज्याने १९४८ साली आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याने १९६५ साली कायदा करताना ग्रंथालयांसाठी मालमत्ता कराला जोडून उपकर बसविला. महाराष्ट्राने तो मार्ग न स्वीकारता लोकांनी चालविलेल्या संस्थांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गांनुसार अनुदान देण्याची पद्धत पत्करली. या पद्धतीने गावोगावी वाचनालये निघाली, हे तिचे श्रेय. पण अनुदान वाढते ते सरकारच्या मर्जीने. २०२२ साली त्यात साठ टक्के वाढ झाली, तीही दीर्घ प्रतीक्षेनंतर. त्या रकमेतून ग्रंथ घ्यायचे, वीजबिल भरायचे, जागेची डागडुजी करायची आणि सेवकांना वेतनही द्यायचे. अशा स्थितीत सभागृहाचे भाडे हे उत्पन्न आणि वाचकाची शांतता हा खर्च ठरतो. फक्त हा खर्च जमाखर्चाच्या पत्रकात कोठे दिसत नाही.

याच हिशेबात ग्रंथपालाचे मौनही बसते. वेतनश्रेणीची मागणी वर्षानुवर्षे करीत राहिलेला हा सेवक लहान वाचनालयात एकटाच असतो. कुलूप तोच काढतो, वृत्तपत्रे तोच लावतो, पुस्तके तोच देतो. टेबलाशी मोठ्याने बोलणारे गृहस्थ कार्यकारिणीचे माजी चिटणीस असतात किंवा विद्यमान अध्यक्षांचे व्याही. त्यांना ‘अण्णा, जरा हळू’ असे सांगण्याचे धैर्य त्याने कोणाच्या बळावर दाखवावे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे आणि ग्रंथपालाने ते परीक्षेसाठी पाठही केलेले असते. गोंगाटात एकच पान तीनदा वाचावे लागते तेव्हा वाचकाचा वेळच खर्च होत असतो. पण ते थांबविण्याचा अधिकार त्या सूत्राबरोबर मिळत नाही.

मग वृद्धांना हाकलावे काय? मुळीच नाही. निवृत्त माणसाला घरातील सुनेच्या वा मुलाच्या नजरेआड दोन तास बसण्याची जागा हवी असते, आणि ती त्याला वाचनालयाखेरीज कोठे मिळणार? बागेत बाके मोडलेली, हॉटेलात चहा संपला की उठावे लागते. त्याची गरजही विद्यार्थ्याच्या गरजेइतकीच खरी आहे. दोन खऱ्या गरजा एका खोलीत कोंडल्या तर भांडण होणार, आणि त्यात ज्याचा आवाज मोठा तो जिंकणार. खोली दुसरी नसेल तर वेळ वाटून घेता येतो. सकाळी साडेसात ते दहा वृत्तपत्रे आणि गप्पा, त्यानंतर मौन, ही व्यवस्था करायला अनुदान लागत नाही. व्हरांड्यात दोन बाके आणि वृत्तपत्रांचे एक टेबल हलविणेही अशक्य नसते. जेथे पैसा आणि जागा आहे तेथे हे मोठ्या प्रमाणावर करता येते. चेन्नईत २०१० साली उघडलेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात मुलांसाठी निराळा विभाग आहे आणि स्वतःची पुस्तके घेऊन अभ्यासाला येणाऱ्यांसाठी निराळे दालन आहे. मुलांनी तेथे गोष्ट ऐकून हसावे, कोणी रागावत नाही, कारण ते हसू अभ्यासाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडे हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न निघाला की उत्तर येते की वार्षिक सर्वसाधारण सभेने. तेथेही एक अडचण आहे. अनेक संस्थांत वर्गणीदार आणि सभासद हे दोन वेगळे वर्ग असतात आणि मताधिकार दुसऱ्या वर्गाचा असतो. सभेच्या नोटिशीत मागील सभेचे इतिवृत्त, वार्षिक हिशेब, अंदाजपत्रक आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय असा क्रम असतो. सभा बहुधा रविवारी सायंकाळी संस्थेच्याच सभागृहात ध्वनिक्षेपक लावून भरते, आणि कानात बोळे घातलेली ती मुलगी त्या वेळी वरच्या मजल्यावर आपल्या जागेवर बसलेली असते.