नकली काडतुसावर हात बसू द्या

माझी काजूची बाग सावंतवाडीजवळ आहे. रानडुकरं आणि माकडांच्या त्रासामुळे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरात बारा बोरची दुनळी आहे. अशी बंदूक कोकणात अनेकांकडे आहे, पण तिचा सराव फार थोडे करतात. काडतूस महाग, म्हणून नळी उघडणं, भरणं, खांद्याला लावणं हे सगळं थेट डुक्कर समोर आल्यावरच होतं. हे मला धोक्याचं वाटतं.

मी लेथवर लाकूड कातून नकली काडतुसं करून घेतली. त्यात दारू नाही, छर्रे नाहीत, टोपीच्या जागी रबर. त्यामुळे घोडा दाबला तरी आतली पिन आपटून खराब होत नाही. माप मात्र चोख हवं. बारा बोरची नळी सुमारे 18.5 मिलिमीटरची, बारीक काडतूस नळीच्या मागच्या खोबणीतून निसटून पुढे अडकलं आणि मागून खरं उडवलं, तर नळी फुटते. वीस बोरचं काडतूस चुकून घातल्यानेही हेच होतं, म्हणूनच त्याला पिवळा रंग देतात. माझी नकली काडतुसं पांढरीशुभ्र आहेत.

सरावाच्या खोलीत खरं काडतूस एकही नको. नळी आधी रिकामी पाहा, तोंड सुरक्षित दिशेला ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्या वर्गात पहिला धडा नकली काडतुसांवरच द्यावा. परवानाधारकांनो, हात आधी घरी तयार करा, मगच बागेत उतरा.