सिंहासन नसलेली राजधानी

दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण जिथे झाले ती स्थळे पाहण्यासाठीच प्रवास आखणे, म्हणजे ज्याला चित्रीकरण-पर्यटन म्हणता येईल, हा प्रकार चित्रपटांच्या काळापासून चालत आला असला, तरी मालिकांनी त्याला वेगळेच बळ दिले आहे. चित्रपटातले गाव प्रेक्षक दोन-अडीच तास पाहतो. मालिकेतला वाडा, चौक किंवा जिना मात्र तो वर्षानुवर्षे, घरात जेवताखाता पाहत असतो, आणि त्यामुळे त्या जागेवर आपला काही हक्क आहे अशी भावना त्याच्या मनात नकळत रुजते. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेमुळे कुडाळ तालुक्यातील आकेरीचा वाडा पाहायला कोकणात आणि गोव्यात उतरणारे पर्यटक वाट वाकडी करून जाऊ लागले, तर ‘तुझ्यात जीव रंगला’च्या चित्रीकरणामुळे कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात इतकी गर्दी लोटू लागली की ग्रामस्थांनीच चित्रीकरणाला हरकत घेतली. एका वाड्याच्या बाबतीत जे घडते ते एका संपूर्ण शहराच्या बाबतीत घडले तर काय होते, आणि अशा शहराची तीन-चार दिवसांची सहल आखणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, हे पाहायचे असेल तर क्रोएशियातील डुब्रोवनिकइतके बोलके उदाहरण दुसरे सापडत नाही.

एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचे हे तटबंदीचे शहर जगभरच्या प्रेक्षकांना ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेतील ‘किंग्ज लँडिंग’ ही काल्पनिक राजधानी म्हणून ठाऊक आहे. 2011 ते 2019 या काळात आठ पर्वांत प्रसारित झालेल्या या मालिकेने पहिल्या पर्वात राजधानीसाठी माल्टा बेटावरील स्थळे वापरली होती आणि दुसऱ्या पर्वापासून ती डुब्रोवनिकला हलवली. शहराच्या पश्चिमेला समुद्रातून उभ्या राहिलेल्या कड्यावरचा लोव्रियेनाट्स किल्ला राजवाडा म्हणून दिसतो. तटबंदीच्या सर्वांत उंच टोकावरचा, 1464 मध्ये पूर्ण झालेला मिन्चेता बुरूज जादूगारांचे घर होतो. संत इग्नेशियसच्या चर्चकडे चढणाऱ्या, अठराव्या शतकातील जेझुइट पायऱ्यांवरून पाचव्या पर्वाच्या अखेरीस राणी सर्सीची धिंड निघते. शहराच्या वायव्येला सुमारे 20 किलोमीटरवर असलेले त्रस्तेनोचे जुने वृक्षोद्यान हे राजवाड्याची बाग झाले, आणि बंदरासमोरच्या लोक्रुम बेटावर तर मालिकेतील लोखंडी सिंहासनाची प्रतिकृतीच मांडून ठेवलेली आहे, जिच्यावर बसून छायाचित्र काढण्यासाठी माणसे रांगा लावतात.

या रांगेत उभे राहण्यात गैर काहीच नाही. परंतु ज्या शहरात ही कथा चित्रित झाली त्याचा इतिहास त्या कथेच्या नेमका उलट आहे, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते, आणि प्रस्तुत स्तंभाच्या मते डुब्रोवनिकला जाण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे.

‘रागुसा’ या जुन्या नावाने ओळखले जाणारे डुब्रोवनिक हे 1358 पासून 1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते बरखास्त करेपर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षे, प्रजासत्ताक होते. त्याच्या प्रमुखाला रेक्टर म्हणत आणि त्याची मुदत फक्त एका महिन्याची असे. त्या महिन्यात त्याने रेक्टरच्या प्रासादातच राहायचे आणि सरकारी कामाखेरीज बाहेर पडायचे नाही, असा दंडक होता. प्रासादातील सभागृहाच्या दारावर, खासगी व्यवहार विसरून सार्वजनिक कामे पाहावीत अशा अर्थाचा लॅटिन लेख आजही वाचता येतो. हे राज्य सरदार घराण्यांचे होते, त्यात सामान्य नागरिकाला मत नव्हते, त्यामुळे आजच्या अर्थाने त्याला लोकशाही म्हणता येणार नाही. मात्र एकाच माणसाच्या किंवा घराण्याच्या हाती सत्ता एकवटू नये याची जितकी काळजी या लहानशा राज्याने घेतली तितकी फार थोड्यांनी घेतली असेल. सिंहासनासाठी घराणी एकमेकांचे गळे कापतात अशा कथेची राजधानी म्हणून निवडले गेलेले शहर सिंहासन नावाची वस्तूच निर्माण होऊ नये म्हणून आखलेले होते, हे समजल्यावर त्याच दगडांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एका धनाढ्य मसाला-व्यापाऱ्याचा महाल म्हणून जो कमानींचा चौक दिसतो, तो याच रेक्टरच्या प्रासादातला आहे.

लोव्रियेनाट्स किल्ल्यावर ही काळजी दगडांतच पाहायला मिळते, आणि पर्यटकाने तिथे किमान तासभर तरी काढावा तो यासाठी. शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात येणाऱ्या बाजूला या किल्ल्याच्या भिंती जवळजवळ 12 मीटर जाड आहेत. शहराकडे तोंड असलेली भिंत मात्र 60 सेंटीमीटरहून अधिक जाड नाही. किल्ल्याच्या अधिकाऱ्याने उद्या फितुरी केली आणि तोफा शहराकडे वळवल्या, तर शहरातून मारा करून ती भिंत पाडता यावी, हा त्यामागचा हिशोब होता. प्रवेशद्वारावर, जगातल्या सगळ्या सोन्याच्या मोबदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे या आशयाचा लेख कोरलेला आहे. हे राज्य प्रत्यक्षात ऑटोमन सुलतानाला दरसाल 12,500 डुकाट खंडणी भरत होते, तेव्हा सोने देऊन स्वातंत्र्य राखणे त्याला वर्ज्य नव्हते. ते विकणे वर्ज्य होते. याच किल्ल्यात 1950 च्या दशकापासून डुब्रोवनिकच्या उन्हाळी महोत्सवात शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे प्रयोग होत आले आहेत, त्यामुळे परक्या राजवाड्याचे सोंग घेणे या किल्ल्याला नवीन नाही.

मालिकेतील दुसरा मोठा धागा गुलामांच्या मुक्तीचा आहे आणि त्यातील काही दृश्ये स्प्लिट शहराजवळच्या क्लिस किल्ल्याच्या आसपास घेतली गेली. डुब्रोवनिकने आपल्या हद्दीत गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा कायदा 1416 मध्येच केला होता, आणि रोगराईच्या प्रदेशातून आलेल्यांना शहरात घेण्यापूर्वी वेगळे ठेवण्याचा नियम तर त्याहीआधी, 1377 मध्ये केला होता. पूर्वेकडच्या प्लोचे दरवाजाबाहेरच्या, नंतरच्या काळात बांधलेल्या लाझारेती या विलगीकरणाच्या इमारती आजही उभ्या आहेत. चित्रीकरण-स्थळांच्या यादीत त्यांना फारसे स्थान नसल्यामुळे तिथे सहसा निवांतपणा असतो.

यानंतरचा भाग अलीकडचा आहे आणि तो अधिक काळजीपूर्वक पाहायला हवा. ऑक्टोबर 1991 मध्ये युगोस्लाव्ह लष्कराने डुब्रोवनिकला वेढा घातला आणि 6 डिसेंबर 1991 रोजी जुन्या शहरावर सर्वांत भीषण तोफमारा झाला. जुन्या शहरातील 824 इमारतींपैकी 563 इमारतींना या युद्धात गोळ्यांचा मार बसला. 1979 पासून जागतिक वारसा, म्हणजे साऱ्या मानवजातीचा ठेवा म्हणून युनेस्कोने नोंदवलेले हे शहर 1991 मध्ये धोक्यातील वारशांच्या यादीत गेले आणि दुरुस्तीनंतर 1998 मध्ये त्या यादीतून बाहेर आले. या तोफमाऱ्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षाही ठोठावल्या. तटबंदीवरून चालताना खाली कौलांचा जो सागर दिसतो त्यात दोन रंग आहेत: फिकट, पिवळसर-तपकिरी कौले जुनी आहेत आणि ठळक नारिंगी कौले युद्धानंतर चढवलेली. छायाचित्रांत सुंदर दिसणारी नारिंगी छपरे जिथे जिथे सलग पसरली आहेत तिथे काय घडले होते, हे एकदा कळले की ती नुसती सुंदर राहत नाहीत.

मालिकेच्या चौथ्या पर्वातील ओबेरिन आणि ‘माउंटन’ यांचे गाजलेले द्वंद्वयुद्ध ज्या समुद्रकाठच्या रंगमंडलात चित्रित झाले, ते बेल्वेडेर नावाच्या हॉटेलचे आहे. 1980 च्या दशकात उभे राहिलेले हे आलिशान हॉटेल 1991 च्या माऱ्यात उद्ध्वस्त झाले आणि नंतर तसेच पडून राहिले. खऱ्या युद्धाच्या ढिगाऱ्यात खोटे युद्ध रंगवले गेले. अखेरच्या पर्वात ड्रॅगन राजधानी जाळतो ते प्रसंग मुख्यतः बेलफास्टमध्ये डुब्रोवनिकच्या रस्त्यांची नक्कल करून उभारलेल्या सेटवर घेतले गेले. पडद्यावर आपल्या शहरासारखे शहर जळताना पाहणाऱ्या डुब्रोवनिककरांपैकी अनेकांनी ते शहर खरोखर जळताना पाहिलेले आहे. त्यांच्या दारासमोर उभे राहून सर्सीच्या धिंडीतला घोष ओरडत पायऱ्या उतरणे किती शोभून दिसते, याचा विचार प्रत्येक चाहत्याने जाण्यापूर्वीच करावा.

मालिकेची कीर्ती आणि क्रूझ, म्हणजे प्रवासी घेऊन बंदराबंदराला थांबणारी अवाढव्य जहाजे, या दोन्हींचा भार एकाच वेळी पडल्यामुळे शहराची दमछाक झाली. जुन्या शहरात 1991 च्या सुमारास पाच हजारांच्या आसपास वस्ती होती, ती आता दीड हजारांच्या घरात आली आहे, कारण घरे पर्यटकांना भाड्याने देणे राहण्यापेक्षा फायद्याचे ठरले. तटांच्या आत एका वेळी आठ हजारांहून अधिक पाहुणे असू नयेत, असा सल्ला युनेस्कोच्या तज्ज्ञांनी दिला होता. 2019 पासून शहराने दिवसाला दोनच जहाजे आणि एका वेळी सुमारे चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. फरसबंदीवरून चाकांच्या बॅगा ओढण्याच्या खडखडाटाने रहिवाशांची झोपमोड होते म्हणून त्या उचलून न्याव्यात, असे आवाहनही 2023 मध्ये पालिकेला करावे लागले. हे निर्बंध पाहुण्यांना त्रासदायक वाटले तरी रास्त आहेत, कारण रहिवासी निघून गेलेले शहर हा केवळ एक सेट असतो आणि सेट पाहण्यासाठी युरोपपर्यंत जाण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष आखणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न महिन्याचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा आणि गर्दीचा कडेलोट असतो, त्यामुळे भारतातील उन्हाळी सुट्टीच्या आरंभी, म्हणजे एप्रिलअखेर किंवा मेमध्ये, अथवा दिवाळीच्या आगेमागे ऑक्टोबरमध्ये जाणे श्रेयस्कर ठरते. मात्र लोक्रुमच्या फेरीबोटी हिवाळ्यात बंद असतात हे ध्यानात ठेवावे. क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 पासून युरो चलन स्वीकारले आणि त्याच दिवशी तो शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच प्रवेशपरवान्यावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सामील झाला, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही. मुक्काम तटांच्या आत न करता लापाड किंवा ग्रुझ या वस्त्यांत करावा. तेथून शहर बस थेट पिले दरवाजापर्यंत येते, आणि ग्रुझच्या सकाळच्या बाजारात भाजी घेणारे खरे डुब्रोवनिककर भेटतात. तटबंदीचा 1,940 मीटरचा फेरा सकाळी दार उघडताच सुरू करावा, कारण वर सावली जवळजवळ नाही आणि जहाजांचे प्रवासी उशिरा सकाळी येतात. तटबंदीचे तिकीट महाग आहे, परंतु बहुधा तेवढ्याच किमतीत ‘डुब्रोवनिक पास’ मिळतो आणि त्यात रेक्टरचा प्रासाद, इतर संग्रहालये व बसप्रवासही येतो. स्पोन्झा प्रासादातील, युद्धात मरण पावलेल्या शहररक्षकांच्या छायाचित्रांची खोली पाहायला दहा मिनिटे पुरतात. ती कोणत्याही परिस्थितीत गाळू नये.

क्लिस आणि स्प्लिट जोडायचे असतील तर आणखी दोन दिवस धरावेत. स्प्लिटमधील सम्राट डायोक्लेशियनचा, इसवी सन 305 च्या सुमाराचा राजवाडा हा आजही माणसे राहतात असा जुन्या गावठाणाचा भाग आहे आणि त्याच्या तळघरांत मालिकेतील राणी डिनेरिसचे ड्रॅगन कोंडल्याची दृश्ये घेतली गेली. डुब्रोवनिक ते स्प्लिट हा सुमारे 230 किलोमीटरचा रस्ता पूर्वी न्यूमजवळ बॉस्नियाच्या हद्दीतून जात असे. जुलै 2022 मध्ये पेल्येशाट्स पूल खुला झाल्यापासून ती हद्द टाळता येते. बॉस्निया शेंगेन क्षेत्रात नसल्यामुळे ज्याचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे त्याने बस पुलावरून जाते की न्यूमवरून, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे.

थंडी सोसणाऱ्याला आणखी एक मुहूर्त आहे. 3 फेब्रुवारी हा शहराचे रक्षक मानल्या गेलेल्या संत ब्लेझ यांचा सण असून त्या दिवशी पालखीसारखी मिरवणूक निघते आणि त्या गर्दीत स्थानिकच अधिक असतात. जुन्या गोव्याजवळच्या गवंडाळी गावात याच संताच्या नावाचे साओ ब्राझ चर्च आहे आणि सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या रागुसाच्या खलाशी-व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध असल्याचे क्रोएशियन अभ्यासक मानतात. डुब्रोवनिक ज्यांना परवडणार नाही त्यांना गवंडाळीचे चर्च पाहता येईल, आणि ज्यांना परवडेल त्यांनीही ते पाहून जावे.

मराठी पर्यटक बहुधा सहल कंपन्यांबरोबर जातात आणि बाल्कन देशांच्या अशा सहलींत डुब्रोवनिकच्या वाट्याला अनेकदा एक दुपारच येते. त्या दुपारी जेझुइट पायऱ्या दिसतात, रेक्टरचा प्रासाद दिसत नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी डुब्रोवनिकमध्ये किती रात्रींचा मुक्काम आहे हे लेखी मागून घ्यावे, आणि तो किमान दोन रात्रींचा नसेल तर ती सहल घेऊ नये.