काट्यांशी सोयरीक

'काटेरी झाड घरात नको, भांडणं होतात.' कॅक्टसची पहिली कुंडी घेऊन मी दारात उभा राहिलो तेव्हा आईने हे ऐकवले आणि कुंडीला उंबरठा ओलांडू दिला नाही. तिचेही चूक नव्हते. ती पाथर्डी तालुक्यातल्या कोरडवाहू गावची. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. निवडुंग म्हणजे बांधावर आपोआप माजणारी, शेळीही तोंड लावत नाही अशी वस्तू. ती पैसे मोजून आणायची, कुंडीत बसवायची आणि वर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची, हा तिला शुद्ध खुळेपणा वाटला. कुंडी गच्चीवर गेली. पुढे तिच्यामागून आणखी पुष्कळ गेल्या.

गंमत अशी की, त्याच वर्षी श्रावणात आमच्या अंगणातले ब्रह्मकमळ फुलले. रात्री नऊच्या सुमारास आईने शेजारणींना हाका मारल्या. हळदकुंकू वाहिले, उदबत्ती लावली. मला त्या वेळी बोलवेना. दोन दिवसांनी धीर करून सांगितले, की तू पूजा केलीस तेही कॅक्टसच. खरे ब्रह्मकमळ हिमालयाच्या उंच भागातले, सूर्यफुलाच्या कुळातले. आपल्या अंगणातले हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड. आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, 'मग याला काटे कसे नाहीत?' मी म्हटले, हे दमट जंगलात मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर वाढते, त्याला पाण्याची ददात नाही. वाळवंटातल्या भावंडांनी मात्र पाणी उडून जाऊ नये म्हणून पाने टाकली, त्यांचे काटे झाले. त्यावर आई म्हणाली, 'म्हणजे ज्याला पाणी मिळालं त्याचे काटे गेले म्हण की!' वनस्पतिशास्त्राचे इतके सोपे भाषांतर मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

आपले नगर (आता अधिकृतपणे अहिल्यानगर) पर्जन्यछायेतले. इथल्या माणसाला कॅक्टस परका वाटू नये. ही झाडे दिवसा आपली रंध्रे मिटून घेतात आणि रात्री हवा गार झाली की उघडतात. वैशाखात दुपारी खिडक्या लावून घेणाऱ्या आपल्या आज्या काय वेगळे करत होत्या? पण एवढे असूनही माझ्या पहिल्या पावसाळ्यात सात झाडे कुजली. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची सवय नडली आणि उरलेसुरले सप्टेंबरातल्या परतीच्या पावसाने पुरे केले. तेव्हा कळले, की निम्मी वाळू आणि विटांचा चुरा, उरलेल्यात माती आणि जुने शेणखत, खाली मोठे भोक असलेली मातीची कुंडी, पावसात डोक्यावर आडोसा, आणि बोट खुपसून माती पूर्ण कोरडी लागेपर्यंत पाणी नाही, एवढे पाळले की झाले. पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर स्पिरिटात बुडवलेला ब्रश फिरवावा. बाकी वेळ हात आवरावा. हात आवरणे हाच या छंदातला सर्वांत अवघड भाग आहे.

आणि माझे म्हणणे नेमके इथेच आहे. हल्ली हा छंद वाढवण्याचा कमी आणि जमवण्याचा जास्त झाला आहे. बाजारात छोट्या कुंडीतल्या कॅक्टसच्या डोक्यावर सुकलेले रंगीत फूल चक्क डिंकाने चिकटवलेले असते; हौशी गृहिणी ते खरे समजून घरी नेते. लाल-पिवळ्या गोळ्याचे कलम मुलांना फार आवडते. त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसते, तो खालच्या हिरव्या खोडाच्या जिवावर जगतो, आणि चार-दोन वर्षांत बहुधा दोघेही जातात. हे निदान नर्सरीत तयार झालेले असते. खरी चिंता वेगळी आहे. 'दुर्मिळ' झाड आपल्याकडे हवे या हव्यासापायी डोंगर ओरबाडले जातात. कॅक्टसच्या सुमारे दीड हजार जातींचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. २०२० मध्ये इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरून आणलेली हजाराहून अधिक झाडे पकडली गेली. त्यांतली काही शंभराहून अधिक वर्षांची होती.

आमच्या गच्चीवर एक सोनेरी काट्यांचा गोळा आहे. इंग्रजीत त्याला 'सासूबाईंची बैठक' म्हणतात; सौ. हे नाव पाहुण्यांना आवर्जून सांगते. जगभरच्या बागांत हा लाखोंनी दिसतो. पण मेक्सिकोत त्याच्या मूळच्या दरीचा बराच भाग गेल्या शतकाच्या अखेरीस झिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला. बागांतली त्याची गर्दी बियांपासून वाढवलेल्या रोपांची आहे, हे त्यातल्या त्यात समाधान. माझाही बियांचाच. ओलसर वाळूवर बी टाकले, वर काच ठेवली. वर्षअखेरीस रोप वाटाण्याएवढे झाले होते. आज ते नारळाएवढे आहे, फूल अजून आलेले नाही. येईल तेव्हा येईल.

आता थोडे घरचे. अकोले तालुक्यात प्रवरेवर रंधा धबधबा आहे. भंडारदऱ्याला जाणारे सगळे तिथे थांबतात. त्याच भागातल्या कड्यांवर शिंदळमाकडी नावाची वनस्पती सापडल्याची नोंद आहे. कॅक्टस नव्हे, आपल्या रुईच्या कुळातली. पण तशीच मांसल खोडाची, खडकाच्या भेगेत तग धरणारी. उन्हाळ्यात पाने गाळते, पावसाळ्यात पिवळे ठिपके असलेली गर्द तांबडी चांदणीसारखी फुले धरते. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणांपलीकडे ती जगात कुठेही आपणहून उगवत नाही. परदेशातले संग्राहक मात्र तिची फांदी लावून खिडकीत हौसेने वाढवतात. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांना तिचे नाव ठाऊक आहे? मेक्सिकोच्या गोळ्याची जात आम्हाला तोंडपाठ, आणि रंध्याच्या कड्यावरची ही लेक अनोळखी!

म्हणून या छंदात नव्याने येणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. झाड बियांपासून किंवा मित्राने दिलेल्या पिलापासून वाढवा. उशीर लागेल, पण ते तुमचे असेल. आणि पुढच्या पावसाळ्यात रंध्याला गेलात, कड्यावर तांबडी चांदणी दिसली, तर हात मागे बांधून बघा आणि मुलांनाही दाखवा.

आई आता नाही. ब्रह्मकमळ अजून फुलते, शेजारणी अजून येतात. शेवटच्या काही वर्षांत ती गुडघे धरत संध्याकाळी गच्चीवर यायची आणि त्या सोनेरी गोळ्याजवळ बसायची. 'यंदा तरी फुलेल का रे?' असे विचारायची. पाणी मात्र कधी घालत नसे. ते तिला कुणी शिकवावे लागले नाही.