ट्रॅकवरची विद्या मावळात कधी?

विजेवरील मोटारींची 'फॉर्म्युला ई' शर्यत २०१४मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईच्या महिंद्र समूहाचा संघ तीत धावतो आहे. पुढे समूहाच्याच 'ऑटोमोबिली पिनिनफरिना'ने २०१९मध्ये जिनिव्हात रस्त्यावरची 'बॅटिस्टा' सादर केली. शक्ती सुमारे १९०० अश्वशक्ती, संख्या जास्तीत जास्त १५०. तिच्या चाचण्यांसाठी संघाचा माजी चालक निक हाइडफेल्ड याचीच निवड झाली. मात्र जुळणी इटलीत कांबियानोला, बॅटरी क्रोएशियाच्या 'रिमॅक'ची. म्हणजे भांडवल भारतीय, कारागिरी परकी! मोजक्या मोटारींतून खरा लाभ नफ्याचा नव्हे, तंत्रविद्येचा. ती टाकवे बुद्रुक-चाकण पट्ट्यातील कारखान्यांपर्यंत झिरपली, तरच या साहसाचे चीज होईल. एरवी 'बॅटिस्टा' हा केवळ मानाचा तुराच ठरेल.