बांबूच्या नावाने काय विकले जाते?

प्रति,
मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली



पर्यावरणाच्या नावाने होणारी दिशाभूल रोखण्यासाठी आपण ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्याबद्दल मनापासून आभार. ‘इको-फ्रेंडली’ म्हणायचे तर पुरावा हवा, हे आता नियमात आले आहे. तो नियम कपड्यांच्या महागड्या दुकानांतही लागू व्हावा, म्हणून हे पत्र.

तिथे सध्या वनस्पतींची चलती आहे. बांबूचा शर्ट, निवडुंगाची पर्स, सफरचंदाचे ‘लेदर’. बांबूचेच घ्या. बाजारातले बहुतेक मऊ ‘बांबू’ कापड व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडच्या प्रक्रियेने विरघळवतात आणि त्या द्रावातून नवा धागा ओढतात. निलगिरीचा लगदा घातला तरी हाती व्हिस्कोसच येते. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जातंतूंना आणि हृदयाला घातक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्येच अशा ‘बांबू’वर कारवाई सुरू केली, २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

फळांच्या ‘लेदर’चेही तसेच. अनेकदा खाली कापड, वर पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक आणि त्यात फळाचा वाळवलेला चोथा. प्लॅस्टिक वापरू नका, असे माझे म्हणणे नाही. पण हजारो रुपये मोजणाऱ्याला ते आधी कळलेच पाहिजे.

या लपवाछपवीचा फटका खऱ्या धाग्याला बसतो. जळगाव जिल्ह्यात, रावेर-यावलकडे, केळीच्या बागाच बागा. केळीचे खोड एकदाच घड देते. नंतर ते कापावेच लागते आणि पुष्कळदा बांधावर कुजते. त्याची सोपटे यंत्राने खरवडून धागा निघतो. पण खोडात पाणीच फार, त्यामुळे ढीगभर खोडांतून थोडासाच धागा मिळतो. तो राठ असतो. मऊ करावा लागतो, सुती किंवा रेशमी धाग्यात मिसळावा लागतो. एवढी मेहनत परवडेल असा भाव महागड्या फॅशनच्या बाजारातच मिळू शकतो. तिथे शेजारीच झाडाचे नाव लावलेले व्हिस्कोस स्वस्तात येऊन बसले, तर केळीच्या धाग्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

म्हणून विनंती अशी. वनस्पतीचे नाव ज्या आकारात छापले, त्याच आकारात प्रत्यक्ष धाग्याचे नाव, टक्केवारी आणि प्लॅस्टिकचे प्रमाण छापणे सक्तीचे करा. धागा खरवडून काढला की रसायनात विरघळवून, हेही लिहायला लावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि तीच चूक पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने आपल्याला दिलेलाच आहे. तो इथे वापरा, आणि पहिली नोटीस मोठ्या ब्रँडला पाठवा.

कळावे,
एक ग्राहक