पिल्लांआधी खाऊची सोय

नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा घरच्या टाकीतही अंडी घालतो. बंधू-भगिनींनो, अंडी दिसली की घरात आनंदीआनंद होतो. आम्ही मात्र आधी विचारतो, खाऊ तयार आहे का?

अंडी साधारण ७ ते १० दिवसांत, दिवे मालवल्यावर अंधारात फुटतात. पिल्ले जेमतेम ३-४ मिलिमीटरची. पोटातली शिदोरी एक-दोन दिवसांत संपते, आणि मग उपासमार. बाजारातली भुकटी टाकाल तर ती तळाशी कुजते; हलणारे भक्ष्यच पिल्ले टिपतात. त्यांना लागतो रोटिफर, मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढा जिवंत जीव. तो हिरव्या शेवाळाच्या खाऱ्या पाण्यावर वाढतो. त्याची पैदास अंडी फुटण्याच्या आठवडाभर आधीच चालू हवी, तीही दोन बादल्यांत. एक बसली तर दुसरी तारते. (हिशेबातही राखीव रक्कम ठेवतातच ना!)

पिल्लांच्या पाण्यात दर मिलिलिटरला ५ ते १० रोटिफर असावेत. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सोबत आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले द्यावीत. त्यांची अंडी हवा सोडलेल्या खाऱ्या पाण्यात दिवसभरात फुटतात. टरफले गाळून टाकावीत आणि लगेच खाऊ घालावे, कारण तासागणिक त्यांतला कस उतरतो.

वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालेल, एवढी सोय करावी. पण पिल्ले विकून पैसा येईल या भरवशावर कर्ज काढू नये. दहा-पंधरा दिवसांत पट्टे उमटतात, त्यानंतर बारीक कोरडा खाऊ हळूहळू सवयीचा करता येतो.